रायफलचा पट्टा, त्याची कडी आणि काही गैरसमज

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ऑलिम्पिक कांस्यपदक पटकावलं. ती अंतिम फेरी पाहिलेल्यांना नीलिंग (गुडघ्यावर बसून) आणि प्रोनमध्ये (पालथं झोपून) नेमबाजांच्या दंडापासून रायफलच्या पुढच्या भागापर्यंत ताणलेला पट्टा दिसला असेल. स्टँडिंगला (उभं राहून) तो नव्हता. ‘बंदूक हाताला बांधूनच ठेवतात, मग त्यात कौशल्य ते काय?’ हा शेरा तेव्हापासून अधूनमधून कानावर येतो.

बांधून कोणी ठेवत नाही. थ्री पोझिशनची रायफल आठ किलोपर्यंत असू शकते आणि ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. एवढं वजन स्नायूंवर पेललं की थोड्याच वेळात हात थरथरू लागतो. पट्टा ते वजन दंडाकडून कोपराच्या हाडावर उतरवतो, एवढंच. शिवाय आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. पट्टा ४० मिलिमीटरहून रुंद नको, तो फक्त दंडावर असावा, स्टॉकच्या (नळी ज्यावर बसते त्या दस्त्याच्या) पुढच्या भागाला एकाच ठिकाणी जोडलेला असावा. स्विव्हल (पट्ट्याची कडी) आणि हँड स्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) सोडून रायफलचा दुसरा कुठलाही भाग त्याला टेकता कामा नये. प्रोनमध्ये पुढचा हात जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करतो की नाही, हेही पंच बघतात. स्टँडिंगला पट्ट्याची परवानगीच नाही. १० मीटर एअर रायफल हा तर पूर्ण स्टँडिंगचाच प्रकार. त्यामुळे मुलाला एअर रायफलच्या वर्गाला घालताना पट्टा आणि कड्यांचा संच घेणाऱ्या पालकांनी ते पैसे पेलेट्ससाठी राखून ठेवावेत.

‘कडी ती कडी, कुठलीही चालते’ हा समज जास्त महागात पडतो. शिकारी धाटणीच्या लाकडी स्टॉकला कडी अडकवायचे दोन स्टड असतात: एक पुढे नळीखाली, दुसरा मागे बटाखाली. त्यांचं काम रायफल खांद्याला अडकवण्यापुरतं. टार्गेट रायफलचा पट्टा मागे जोडायचाच नसतो, आणि पुढचा स्टड एका जागी पक्का असून भागत नाही. प्रत्येकाच्या हाताची लांबी निराळी, आणि एकाच नेमबाजाचा हात नीलिंगमध्ये आणि प्रोनमध्ये वेगवेगळ्या जागी येतो. म्हणून अशा स्टॉकच्या पोटाखाली टी-आकाराच्या खाचेची रेल असते. हँड स्टॉप आणि स्विव्हल तिच्यात सरकवून हव्या त्या जागी आवळता येतात. रेलचंही माप सगळीकडे सारखं नसतं. त्यामुळे आपल्या स्टॉकची खाच मोजल्याशिवाय दुसऱ्या कंपनीचा हँड स्टॉप मागवू नये. पट्ट्याच्या कड्याही एक इंची आणि सव्वा इंची अशा मिळतात. सव्वा इंची पट्टा एक इंची कडीत कोंबला की तो दुमडतो आणि ताण एका कडेवर येतो.

आता ‘पट्टा जितका घट्ट, तितका नेम पक्का’ हा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं, कारण कडी रायफलच्या नेमक्या कशाला जोडली आहे यावर बरंच काही ठरतं. अनेक जुन्या लष्करी रायफलींमध्ये पुढची कडी नळीभोवतीच्या पट्टीवर असायची. एम-१६च्या घराण्यात ती नळीवर बसवलेल्या फ्रंट साइटखाली आली. अशा रचनेत पट्टा ताणला की नळीच किंचित वाकते आणि गोळी दुसरीकडे लागते. ताण बदलला की मार पुन्हा सरकतो. यावर उपाय म्हणजे नळी मोकळी ठेवायची, तिला स्टॉकचा कुठेही स्पर्श नको, आणि कडी स्टॉकवर किंवा नळीपासून सुट्या असलेल्या पुढच्या आवरणावर. तरीही स्टॉकचा पुढचा भाग बारीक आणि लवचीक असेल, तर जोरदार ताणाने तो वाकून नळीला टेकू शकतो. काही स्वस्त प्लास्टिक स्टॉकची हीच खोड असते. एक कागदाची पट्टी नळी आणि स्टॉकच्या मधून सरकवून पाहावी, आधी पट्टा सैल ठेवून, मग ताणून. ताणल्यावर ती अडकली तर दोष नेमबाजाचा नाही. अर्थात हे करण्याआधी रायफल रिकामी आहे, हे दोनदा तपासायचं.

घट्टपणाची दुसरी अडचण शरीराची आहे. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. पट्टा तिच्यावर आवळला की नाडीचा ठोका थेट साइटमध्ये दिसू लागतो. पट्ट्याची ओढ दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायची ती यासाठी.

‘स्टड काय, घरी ड्रिलने बसवता येतो.’ येतो, पण पुढचा आणि मागचा एकाच पद्धतीने नाही. बटाचं लाकूड जाड असतं. तिथे आधी बारीक भोक पाडून लाकडाचा स्क्रू चालतो, आटे मेणात बुडवले तर लाकूड तडकत नाही. पुढचा भाग पातळ. तिथे आतून नटाचा आधार लागतो, आणि तो नट नळीच्या खाचेत वर डोकावला तर नळी मोकळी ठेवण्याचा सगळा खटाटोप वाया. पोकळ सिंथेटिक स्टॉकमध्ये नुसता स्क्रू घट्ट बसलेला वाटतो आणि पहिल्याच हिसक्याला निघतो.

बटण दाबून सुटणाऱ्या कड्या सोयीच्या आहेत. फक्त त्यांच्या सॉकेटचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत: एकात कडी गोल फिरते, दुसऱ्यात ठरावीक कोनात थांबते. खांद्यावर वाहताना थांबणारी बरी, कारण पट्ट्याला पीळ पडत नाही. टार्गेटसाठी मोकळी फिरणारी घ्यावी, म्हणजे हात हलला तरी ओढ एकाच रेषेत राहते. एकदा जागा जमली की रेलवरचा आकडा आणि पट्ट्याचं भोक, नीलिंग आणि प्रोनसाठी वेगवेगळं, वहीत लिहून ठेवायचं.