खिमा कोंबडीचा की मोठ्याचा?



उल्हासनगरच्या एका वस्तीत महिलांची आरोग्य बैठक चालली होती. एका ताईची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाईल पुढे करून म्हणाली, "सिस्टर, यात सांगतात की बीफचा खिमा सोडा, टर्कीचा खा, तब्येतीला चांगला. खरं आहे का?" सगळ्या बायका हसल्या. टर्की कुणी पाहिलीच नव्हती. मग मागच्या रांगेतून एक आजी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि आमचं मोठ्याचं? ते खावं का नाही?" हसणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. त्या प्रश्नाचं उत्तर या पानावर देते.

आधी नावं समजून घेऊ

टर्की हा अमेरिकेतला मोठा पक्षी. त्याचं मांस कोंबडीच्या जवळचं असतं. आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात टर्की सहसा दिसत नाही, आणि ती शोधत फिरायची गरजही नाही. तिच्या जागी आपल्याकडे कोंबडी आहे.

परदेशात बीफ म्हणजे गाय-बैलाचं मांस. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे "मोठ्याचं", "बड्याचं" किंवा "बफ" म्हणून जे विकलं जातं ते म्हशी-रेड्याचं असलं पाहिजे. त्यालाही परवानगी आणि तपासणी लागते. म्हणून ओळखीच्या, परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. ही सवय कायद्यासाठी आणि पोटासाठी, दोन्हीसाठी बरी.

आकडे काय सांगतात

शिजलेल्या १०० ग्रॅम मांसाचा हा साधारण हिशोब आहे. जनावर आणि तुकडा बदलला की आकडे थोडे मागेपुढे होतात.

टर्कीचा खिमा: प्रथिनं २७ ग्रॅम, चरबी १० ग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅम.
गायीच्या मांसाचा चरबीवाला खिमा: प्रथिनं २७ ग्रॅम, चरबी १७ ग्रॅम, लोह पावणेतीन मिलिग्रॅम.
कातडी काढलेली कोंबडी: प्रथिनं २९ ग्रॅम, चरबी ७ ग्रॅम, लोह सव्वा मिलिग्रॅम.
म्हशीचं चरबी काढलेलं मांस: प्रथिनं २७ ग्रॅम, चरबी २ ग्रॅम, लोह २ मिलिग्रॅम.

यातून दोन गोष्टी दिसतात. प्रथिनं चारही मांसांत जवळजवळ सारखीच आहेत. स्वस्त म्हणून मोठ्याच्या मांसात ताकद कमी, असं अजिबात नाही. दुसरं म्हणजे, मोबाईलवर बीफला नावं ठेवतात ती मुख्यतः चरबीसाठी. म्हशीच्या चरबी काढलेल्या मांसात ती चरबी कोंबडीपेक्षाही कमी असते. रक्तासाठी लागणारं ब-१२ जीवनसत्त्वही मोठ्याच्या मांसात कोंबडीच्या कितीतरी पट असतं.

पण खिम्याची एक अडचण आहे. दुकानदाराने कडेची चरबी आणि कापलेले तुकडे त्यातच दळले, तर वरचा हिशोब पार बदलतो. कोंबडीचा खिमा कातडीसकट दळला तरी तेच होतं. तेव्हा निवड करताना जनावराइतकंच दळताना आत काय गेलं हेही बघावं लागतं.

रक्त कमी असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे धागा कटिंगला बसलेल्या दहा बायकांत निदान पाच जणींचं रक्त कमी असण्याची शक्यता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात.

अशा बाईसाठी मोठ्याचा खिमा कोंबडीपेक्षा सरस आहे. मांसातलं लोह शरीर चटकन घेतं, पालेभाजी आणि डाळीतलं तितकं घेत नाही. पण मांस आणि भाजी एकत्र खाल्ली तर भाजीतलं लोहही जास्त लागू पडतं. म्हणून खिम्यात मेथी, मटार किंवा चणाडाळ घाला आणि वरून लिंबू पिळा. अर्धा किलो खिमा पाच जणांना पुरतो आणि रक्तालाही मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. चहा लोह अडवतो.

मात्र फसू नका. बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि १०० ग्रॅम खिम्यातून दोनच मिळतं. रक्त कमी असेल तर नुसत्या खिम्याने ते भरून येणार नाही, गोळी लागतेच. गरोदरपणात लोहाची लाल गोळी रोज, निदान १८० दिवस घ्यायची असते. ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, वेगळ्या वेळी घ्या.

कोंबडीच्या कलेजीत तर मांसापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं, आणि ती स्वस्तही असते. आठवड्यातून एकदा थोडी खायला हरकत नाही. गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर

इथे कातडी काढलेली कोंबडी किंवा चरबी काढलेलं मोठ्याचं, दोन्ही चालतं. बिघाड करतात ते वरचं तेल, मीठ आणि तर्री. खिमा आधी कोरडा परता, सुटलेली चरबी काढून टाका आणि मग मसाला घाला.

लाल मांस, म्हणजे मोठ्याचं आणि बोकडाचंही, शिजलेलं धरून आठवड्याला माणशी ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. रोज भरपूर लाल मांस खाल्ल्याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, हॅम अशा टिकवलेल्या मांसाबद्दल तर कॅन्सर होतो असं स्पष्टच सांगितलं. ते विकत आणू नका, मुलांना सवय लावू नका. किडनीचा आजार असेल तर कुठलंही मांस किती खायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

घेताना आणि शिजवताना

अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात. दळलं की ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा तुकड्यापेक्षा लवकर नासतो. तुकडा निवडा, चरबी काढायला सांगा आणि समोर दळून घ्या. उन्हाळ्यात बाजारातून थेट घरी या आणि लगेच शिजवा. फ्रीज नसेल तर कच्चा खिमा ठेवायचाच नाही, फ्रीज असेल तरी एक-दोन दिवसांच्या वर नाही. आत कुठेही गुलाबी राहू देऊ नका. कच्च्याला लागलेला हात, विळी आणि ताट साबणाने धुवा. वस्तीत पाणी ठरलेल्या वेळीच येतं, तेव्हा हात धुण्यापुरतं पाणी आधी बाजूला काढून ठेवा आणि मगच कच्च्याला हात लावा.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं बजावलं होतं. त्यात स्वाभिमान होता आणि आरोग्यही होतं. ताजं, तपासलेलं मांस निवडणं ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे. ज्यांनी मांसाहार सोडला आहे त्यांनीही काळजी करू नये. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर डाळ, चणे, शेंगदाणे आणि पालेभाजीवर लिंबू हा त्यांचा आधार. ब-१२ साठी मात्र दूध-दही घ्या आणि एकदा तपासणी करा.

लाज कुणाची?

मी वॉर्डात असताना सात हिमोग्लोबिनची एक बाई दाखल झाली होती. "नॉनव्हेज खाता का?" या प्रश्नाला तिने मान हलवून नाही म्हटलं. कागदावर शाकाहारी लिहिलं गेलं आणि तिला पनीर, डाळिंब, सुका मेवा लिहून दिला. नंतर सलाईन लावताना ती माझ्या कानात म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे दर रविवारी मोठ्याचं असतं. पण इथे कसं सांगू?" मी विचारलं, "तुमच्या वाट्याला किती येतं?" ती म्हणाली, "रस्सा."

फोडी नवऱ्याला आणि मुलांना, रस्सा तिला. घरात लोह शिजत होतं, तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आणि लाजेमुळे डॉक्टरांनाही ते कळलं नाही. डाळिंब आणि सुका मेवा तिला परवडणार नव्हता. जे परवडत होतं, त्याबद्दल कुणी तिच्याशी बोललंच नाही.

म्हणून त्या आजींना दिलेलं उत्तर इथे पुन्हा देते. आजी, खा. चरबी काढून, नीट शिजवून, बेताने खा. डॉक्टरांनी विचारलं तर जे खाता ते मान वर करून सांगा, कारण खोट्या माहितीवर खरा इलाज होत नाही. आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती: या रविवारी खिमा कोंबडीचा असो की मोठ्याचा, पहिली वाटी घरातल्या त्या बाईच्या ताटात वाढा, जिचं रक्त सगळ्यात कमी आहे. कुणाचं कमी आहे ते माहीत नसेल, तर सोमवारी सगळ्यांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि तपासून घ्या.

जय भीम!