शेजारधर्माची मर्यादा

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त ईस्टरवरून ठरते आणि शिरगावच्या श्री लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीवरून. पंचांगे दोन, तरी हे दोन्ही उत्सव पुष्कळदा एकमेकांच्या आगेमागेच येतात. २०२५ साली तर हे अंतर फारच थोडे होते. ३ मेच्या पहाटे शिरगावी चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, आणि ५ मे रोजी, सोमवारी, म्हापशाला फेस्त भरले. लोकसमजुतीप्रमाणे या दोघी सख्ख्या बहिणी. सात बहिणींपैकी मिराबाई म्हापशाला राहिली व सायबीण झाली, असे आमच्या आज्या सांगत. म्हापशाहून तेल आणि शिरगावहून मोगरीची फुले एकमेकींकडे जात, असेही त्या सांगत. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. म्हापशाच्या इगर्जीची स्थापना १५९४ सालची आणि तो काळ सौहार्दाचा खासच नव्हता. परंतु तेलाची बाटली घेऊन सायबिणीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या हिंदू स्त्रिया मी लहानपणापासून पाहत आलो आहे, व त्यांत माझी आईही होती.

या बहिणींची कथा हल्ली सलोख्याच्या प्रत्येक भाषणात येते. वक्ते ती सांगतात, टाळ्या पडतात आणि मंडळी आपापल्या मोटारींत बसून घरी जातात. मला मात्र व्यासपीठावरच्या सलोख्यापेक्षा ओसरीवरचा सलोखा अधिक कळतो, कारण त्याला किंमत पडते. ती किंमत कोणी मोजली, हे आज सांगावेसे वाटते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे संघप्रदेश. माझे वडील फुलाचे. नुसते मतदार नव्हेत, तर सायकलवरून गावोगाव हिंडलेले कार्यकर्ते. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब अर्थातच दोन पानांचे. मोजणी झाली तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. त्या रात्री वाड्यावर फटाके सुरू झाले. आमच्या घरी आजी तापाने अंथरुणाला खिळलेली होती. शेजारच्या तिया, ज्यांना आम्ही मुले त्यांच्या नावाने नव्हे तर केवळ ‘तिया’ म्हणूनच ओळखत असू, कंदील घेऊन बाहेर आल्या आणि आपल्याच मुलांना त्यांनी दटावले : फटाके लावायचे तर खुरसाकडे जाऊन लावा, इथे म्हातारी माणूस आजारी आहे. मुले गेली. फटाके वाजलेच, रात्रभर वाजले. फक्त वीस-पंचवीस पावले दूर वाजले.

तियांनी आपला आनंद सोडला नव्हता आणि आपले मतही लपवले नव्हते. आमचे सांत्वन करायलाही त्या आल्या नाहीत. आल्या असत्या तर वडिलांना तो अपमानच वाटला असता.

असभ्यपणा झाला तो आमच्या बाजूने. त्या दिवसापासून वडील त्यांच्या बाल्कांवाची पायरी कित्येक महिने चढले नाहीत. समोरासमोर गाठ पडली तर मान वळवीत. पुढे भाद्रपद आला. माटोळीला लागणारे सुपारीचे घोस आणि नारळाची पेंड दरवर्षी तियांच्या बागेतून येत असे. त्या वर्षीही ती सांगण्याची वाट न पाहता पायरीवर येऊन पडली. वडिलांनी ती उचलली, काही न बोलता माटोळीला बांधली. बोलणे नेमके केव्हा सुरू झाले ते मला आठवत नाही.

परंतु हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आमची आजी त्यांच्या घरचे पाणी घेत नसे. नाताळात तिया कोंसुआद वाटीत तेव्हा इतर घरी दोदोल, बेबिंका, नेवऱ्या जात. आमच्याकडे सुपात घालून केळी, नारळ, साखर आणि रवा यायचा. सगळा कोरडा, न शिजवलेला शिधा, म्हणजे आमचा धर्म बाटू नये. “तुमच्या देवाला आमचा नारळ चालतो, तुम्हाला आमचा चहा चालत नाही,” असे तिया एकदा हसत म्हणाल्या होत्या. आजीही हसली, पण चहा घेतला नाही. इन्क्विझिशनचा इतिहास, नदीपलीकडे नेलेले देव, कवळे आणि मंगेशीची कुळकथा हे सारे आजीला तोंडपाठ होते, आणि त्या आठवणी खोट्याही नव्हत्या. मात्र १५६० साली गोव्यात सुरू झालेल्या जुलमाचा जाब १९६० नंतरच्या शेजारणीला चहाच्या कपात विचारला जात होता, हे तेव्हा आम्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. ज्या शेजारधर्माचे आपण कौतुक करतो, त्यात गिळावे लागणारे अपमान बहुतेक एकाच बाजूने गिळले. मला वाटते, त्या बाजूला मी होतो असे समजण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

त्यानंतर राजभाषेचा वाद आला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कायदा संमत झाला, ३० मे रोजी राज्य झाले. त्या वादात माणसे मेली आणि मराठीवर जीव लावणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात जो सल राहिला तो अजून पुरता गेलेला नाही. त्याविषयी पुन्हा कधीतरी. इतकेच सांगतो, की त्या दिवसांतही तियांच्या घरी मराठी दैनिक आमच्याकडून जात होते, कारण त्यांच्या यजमानांना त्यातले मृत्युलेख वाचायचे असत.

आता तिया नाहीत. घराला कुलूप आहे, नातू इंग्लंडात आहे, आणि त्या घराची किल्ली आमच्या देवघराशेजारच्या खुंटीला अडकवलेली आहे. पावसाळ्यापूर्वी कौले परतवून घेणे माझ्याकडे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सेंट झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या आधी, त्यांच्याविषयीच्या एका विधानावरून गोव्यात वातावरण तापले, मडगावात रस्ते अडवले गेले. त्या दिवसांत आमच्या नातलगांच्या मोबाईलवरील गटात एक मजकूर आला. ‘हे लोक’ असा त्याचा प्रारंभ होता. पुढचे सांगण्याजोगे नाही. मी तो वाचला आणि मोबाईल खाली ठेवला. वाद नको, घरातली माणसे आहेत, लग्नकार्ये एकत्र करायची आहेत, अशी कारणे मनात तयारच होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना किल्लीला हात लागला, तेव्हा मी लिहिले, की हा मजकूर काढावा. चुलत भावाने तो काढला. कोणी काही बोलले नाही. पण तीन दिवस तो तिथे होता आणि मी गप्प होतो. तियांनी फटाके हलवायला तीन दिवस घेतले नव्हते.

२०२५ च्या फेस्ताला मी म्हापशाला गेलो. आई गेल्यापासून तेलाची बाटली मीच नेतो. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा धोंड म्हणून शिरगावी गेला होता. वेताची काठी हातात, गळ्यात मोगरीच्या माळा, असा आदल्या दिवशीच आमच्या दारावरून गेलेला. तो गर्दीत सापडून जखमी झाला होता, इस्पितळात होता. मेणबत्त्या विकणाऱ्या ख्रिस्ती बाईंनी माझ्या हातातली बाटली पाहिली आणि विचारले, तुमचे कोणी धोंड होते का? मी सांगितले. त्यांनी त्याचे नाव विचारले, वय विचारले, आई आहे का ते विचारले. मग म्हणाल्या, एक त्याच्या नावाने लावा. मी दोन घेतल्या. पैसे त्यांनी दोन्हींचे घेतले.