विश्लेषण : घरोघरी स्टुडिओ झाले, तरी गाणे का रखडते?

गीतकार नाशिकमध्ये, संगीतकार पुण्यात, बासरीवादक कोल्हापुरात आणि गायिका थेट दुबईत. गणपतीचे गाणे असे चार गावांतून ध्वनिमुद्रित करणे आता सहज शक्य आहे. पण बासरीचा ट्रॅक आठवडाभर आलाच नाही आणि वादक फोनही उचलेना, तर गाणे हाती येते अनंत चतुर्दशीनंतर. म्हणजे वरातीमागून घोडे! यंत्रे स्वस्त झाली तरी अशी कामे का अडतात?

सगळे एकाच वेळी ऑनलाइन का वाजवत नाहीत?

इंटरनेटवरून आवाज पोहोचायला वेळ लागतो. हा विलंब साधारण ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की एकत्र ताल सांभाळणे कठीण होते. नेहमीच्या व्हिडीओ कॉलमध्ये तो याहून बराच जास्त असतो. म्हणून प्रत्येक जण आपला ट्रॅक स्वतंत्रपणे मुद्रित करून पाठवतो. एका खोलीत बसलेल्या वादकांना जे नजरेच्या खुणेने समजते, ते इथे लिहून कळवावे लागते.

ही पद्धत नवी आहे का?

नाही. ‘द पोस्टल सर्व्हिस’ या अमेरिकी बँडचा ‘गिव्ह अप’ हा अल्बम २००३ मध्ये आला. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमध्ये वाद्यसंगीत तयार करून टपालाने पाठवत. सिएटलमधील बेन गिबर्ड त्यावर गायन चढवून ते परत पाठवत. बँडचे नावही त्यावरूनच पडले. साधने धिमी होती, पण कामाची वाटणी स्पष्ट होती.

आधी काय ठरवावे?

लय, पट्टी आणि सॅम्पल रेट. एकाने मिनिटाला १२० मात्रांची लय धरली आणि दुसऱ्याने १२१, तर चार मिनिटांच्या गाण्यात सुमारे दोन सेकंदांचा फरक पडतो. ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेली फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली, तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनच्याही वर सरकते. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू व्हावा. व्हॉइस नोट चाल ऐकवण्यापुरती ठीक; अंतिम ट्रॅक ‘वेव्ह’ फाइलमध्येच हवा. फाइलला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावे देण्याऐवजी गाणे, वाद्य आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिल्यास घोळ टळतो.

भरवशाचा सहकारी कोणाला म्हणावे?

ज्याला कधीच उशीर होत नाही त्याला नव्हे, तर उशीर होणार हे वेळेत सांगणाऱ्याला. चार दिवस आधी कळले तर संगीतकार दुसरा वादक शोधू शकतो किंवा मिक्सिंगची तारीख हलवू शकतो. ‘करतो, पाठवतो’ म्हणून गप्प बसल्यास सगळ्यांचेच काम थांबते. ही जबाबदारी एकतर्फी नाही. संगीतकारानेही ट्रॅक मिळाल्याची पोच द्यावी. ‘फील येत नाही’ असे मोघम म्हणण्यापेक्षा ‘१ मिनिट २० सेकंदांवरची तान छोटी हवी’ असे नेमके सांगावे आणि दुरुस्त्या एकाच वेळी कळवाव्यात. किती वेळा बदल करून मिळतील, हेही आधीच ठरलेले बरे.

पैसे आणि हक्कांचे काय?

मैत्रीखातर हा विषय टाळला जातो आणि गाणे गाजल्यावर वाद होतो. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास केवळ भारत, असे धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरातून गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. त्यामुळे मानधन किती, ते कधी मिळणार, श्रेयनामावलीत नाव कसे येणार आणि वाटा किती, हे पहिला ट्रॅक पाठवण्याआधीच लिहून घ्यावे. एका पानाचा हा कागद गाणेही वाचवतो आणि मैत्रीही.