पूर्वपक्षाचे ऋण

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा. महर्षी व्यासांच्या स्मरणाची आणि गुरुपूजनाची ही तिथी. घरोघरी पादुकांवर अभिषेक होईल, पोथीस गंध-फूल वाहिले जाईल, मठामठांतून दर्शनार्थींच्या रांगा लागतील. आम्हां कीर्तनकारांस तर या दिवसाचे अगत्य विशेष. कारण आम्ही उभे राहतो ती गादी नारदांची आणि ज्या आसनावरून पुराण सांगितले जाते त्याचे नावच व्यासपीठ. याच पौर्णिमेस सारनाथच्या मृगदावात भगवान बुद्धांनी पहिले धर्मप्रवचन केले, असे बौद्ध परंपरा मानते. त्यामुळे ज्या सकाळी आमच्या घरी व्यासपूजन चालते त्याच सकाळी गावच्या दुसऱ्या आळीत बुद्धवंदना चालू असते. हा योग आम्हांस पुष्कळ वर्षे ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र एका प्रसंगाने कळला, आणि तो प्रसंग आमच्या लौकिकास भूषणावह नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या उत्सवात आमचे कीर्तन होते. पूर्वरंगास विषय घेतला होता आत्म्याच्या नित्यत्वाचा. नित्यत्व सिद्ध करावयाचे तर बौद्धांच्या क्षणिकवादाचे खंडन ओघानेच आले. आम्ही दृष्टान्त रंगविला: सर्व काही क्षणोक्षणी नवे होत असेल तर काल रात्री श्रीखंड खाल्ले तो एक आणि आज सकाळी ज्याचे पोट दुखले तो दुसरा, मग वैद्याने औषध द्यावे कोणास आणि सावकाराने धरावे कोणास? मंडप हास्याने दणाणला. पेटीवाल्यानेही सूर सोडून मान डोलाविली. आम्हीही, खोटे कशास सांगावे, त्या हास्यावर आणखी दोन कोट्या केल्या.

आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. एक वयस्क गृहस्थ मागे थांबले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. १९५६ साली नागपूर येथे ज्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्यांपैकी एकाचे हे चिरंजीव. ते शांतपणे म्हणाले, “बुवा, आपले गाणे ऐकण्यासाठी मी दरसाल येतो. पण आज आपण ज्याचे खंडन केलेत ते मत आमचे नव्हे. नागसेन भिक्षूंनी मिलिंद राजास दिव्याचा दाखला दिला आहे. रात्रभर तेवलेल्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि अखेरच्या प्रहरीची ज्योत एकच म्हणता येत नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही. हा दाखला आपल्या वाचनात आला नाही काय?”

आला होता. तेच तर शल्य. वाचनात आला नसता तर अज्ञान म्हणून क्षमा होती. ‘मिलिंदप्रश्न’ आमच्या कपाटात आहे आणि दिव्याचा तो दाखला विद्यार्थीदशेपासून आम्हांस ठाऊक आहे. दिवा सांगितला असता तर श्रीखंड टिकले नसते, एवढ्यासाठी आम्ही तो गाळला होता.

वाईच्या कृष्णाकाठी आम्ही ज्यांच्यापाशी न्यायशास्त्र शिकलो, त्या आमच्या गुरुजींची त्या रात्री फार आठवण झाली. त्यांची पाठ घेण्याची रीत कठोर होती. चार विद्यार्थ्यांपैकी एकास पूर्वपक्षी करावयाचे, म्हणजे ज्या मताचे पुढे खंडन व्हावयाचे ते मत त्याने मांडावयाचे. मांडणी ढिली झाली तर रागावत ते त्याच्यावर. खंडन करणाऱ्यावर नव्हे. “तुमचा चार्वाक एवढा मूर्ख असेल तर त्याच्यासाठी आचार्यांनी लेखणी कशाला झिजविली?” असे ते विचारीत. पूर्वपक्ष ऐकून प्रत्यक्ष प्रतिपक्षी ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे म्हणेल इतका तो चोख झाल्यावाचून उत्तरपक्षास तोंड उघडण्याची मुभा नसे.

ही काही त्यांची लहर नव्हती. आमच्या दर्शनांची घडणच अशी आहे. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि सिद्धान्ताचा क्रम त्यानंतर. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ उघडा. वेदान्ती आचार्याच्या त्या ग्रंथाचा आरंभ होतो चार्वाकापासून. चार्वाकांचे मूळ ग्रंथ कालौघात लुप्त झाले. त्यांच्या मताविषयी आज जे काही कळते त्यातील बराच भाग त्यांच्या विरोधकांनी आपल्या ग्रंथांत जतन करून ठेविलेला आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्षणिकवादाचा परामर्श घेतला तो स्मरणाच्या आधारे. ज्याने पूर्वी पाहिले तोच आज आठवतो, हा अनुभव क्षणिकाला कसा जुळावा, असे ते विचारतात. सादृश्यामुळे तसा भास होतो, हे बौद्धांचे प्रत्युत्तरही स्वतःच मांडतात, आणि मग त्याचा समाचार घेतात. त्या प्रकरणाच्या अखेरीस आचार्यांची वाणी तिखट होते हे खरे. पण आधी त्यांनी तो अधिकार कमाविला आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात पराभव ठरविणारी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘अननुभाषण’. प्रतिवाद्याने तीन वेळा उच्चारलेले, सभेस समजलेले विधान ज्यास स्वतःच्या मुखाने पुन्हा मांडता येत नाही, तो तेथेच हरला. त्याचे उत्तर कितीही झणझणीत असो. दुसरे आहे ‘मतानुज्ञा’. स्वपक्षावरील दोष नाकारता येत नाही, तेव्हा ‘तुमच्याही पक्षात तो आहे’ असे म्हणणे म्हणजे आपला दोष मान्य करणे, हे सूत्रकारांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. आणि छलाचे उदाहरण तर शाळेतील मुलांनाही सांगावे असे. नवे कांबळे पांघरलेल्या मुलाकडे पाहून कोणी म्हणतो, ‘हा नवकंबल आहे’. दुसरा लगेच म्हणतो, ‘याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत? एकच तर दिसते!’ आमचे श्रीखंड याच जातीचे होते.

दूरदर्शन संचावरील सायंकाळच्या चर्चा वाचकांनी आता या बावीसांच्या फूटपट्टीने मोजून पाहाव्यात. तत्त्व जाणण्यासाठी बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे पाडणे ती वितंडा, असे शास्त्राने भेद केले आहेत. पण जल्पालाही सभा लागते, मध्यस्थ लागतो आणि दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे लागते. भ्रमणध्वनीवरून घरोघरी येणाऱ्या संदेशांत तर प्रतिपक्षी समोर नसतोच. त्याचा एक पुतळा उभा करून त्याला बडविण्यात येते. आम्ही मंडपात जे केले तेच हे. आमच्यापाशी पेटी होती, एवढाच फरक.

ही शिस्त आधुनिक काळात आलीच नाही असे मात्र कोणी समजू नये. लोकमान्यांनी मंडालेच्या कारागृहात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. गीतेवरील त्या ग्रंथात मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन, कान्ट या पाश्चात्त्य पंडितांची नीतिविषयक मते किती विस्ताराने आली आहेत हे ज्यांनी तो वाचला आहे त्यांस सांगणे नको. आधिभौतिक सुखवादाचे म्हणणे पुरतेपणी ऐकून घेतल्यावरच लोकमान्य त्यास उत्तर देतात. आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी १९१७ साली विनोबा शिकावयास आले होते. त्याच गुरूंचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. १९३२-३३ मध्ये गांधीजी येरवड्याच्या कारागृहातून अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ चालवीत होते, तेव्हा अस्पृश्यता शास्त्रसंमत आहे की नाही यावर दोन्ही बाजूंच्या शास्त्री-पंडितांत घनघोर वाद झाला. त्यात वाईचे हे तरुण तर्कतीर्थ निवारणाच्या बाजूने उभे राहिले. ज्या न्याय-मीमांसेच्या बळावर सनातनी पक्ष बोलत होता, तिचेच बळ त्यांच्याही पाठीशी होते. धर्मसुधारणा आणि शास्त्राध्ययन यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

आणि एक उदाहरण आम्ही मुद्दाम देतो, काही वाचकांस ते या पानावर अनपेक्षित वाटेल तरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जातिनिर्मूलनावरील भाषण लाहोरच्या संमेलनासाठी लिहिले गेले. संमेलनच रद्द झाल्याने १९३६ साली त्यांनी ते स्वतः छापिले. गांधीजींनी त्यावर ‘हरिजन’ पत्रातून टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते टीकालेख आपल्याच पुस्तकाच्या परिशिष्टात छापिले आणि त्यापुढे आपले उत्तर जोडिले. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचकाच्या हाती आधी ठेवावयाचे, मग उत्तर द्यावयाचे! त्या ग्रंथातील सर्वच प्रतिपादन आमच्या घराण्यास पचले होते असे नाही. परंतु त्या परिशिष्टापुढे आमच्या गुरुजींनीही मान तुकविली असती.

शिक्षणाच्या क्षेत्रात चित्र संमिश्र आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेस अभ्यासक्रमात स्थान देऊ केले. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी जी नेट परीक्षा होते तिच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत २०१९ पासून प्रमाणे, अनुमान, व्याप्ती, हेत्वाभास यांचा समावेश आहे. आमची पुतणी रसायनशास्त्राची. तीही हेत्वाभासांची नावे पाठ करीत होती. आम्हांस आनंद झाला आणि आम्ही विचारले, ‘बाई गं, एखाद्या हेत्वाभासाचे उदाहरण वर्तमानपत्रातून काढून दाखव पाहू.’ ती म्हणाली, ‘काका, तसं विचारत नाहीत. चार पर्याय देतात.’

प्रश्न कोणाचा आणि उत्तर कोणाचे, येथेच सारी गोम आहे. शाळेत प्रश्न मास्तरांचा, उत्तर मुलाचे. प्रश्नोपनिषदात याच्या उलट आहे. सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात; ऋषी त्यांस एक वर्ष राहावयास सांगतात, मग हवे ते विचारा म्हणतात, आणि आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू, असेही म्हणतात. या शेवटच्या अटीवर आम्ही कित्येकदा थांबलो आहोत. गीतेच्या चौथ्या अध्यायातही ज्ञान मिळविण्याची प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन साधने सांगितली आहेत. गुरुपौर्णिमेस पहिले व तिसरे यथासांग होते. मधले कोठे होते? प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसविण्याची खोडही जुनीच आहे म्हणा; जनकाच्या सभेत गार्गीने फार खोल विचारताच, आता पुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल, असे याज्ञवल्क्यांनी तिला बजाविले होते. तरी ती पुन्हा उठली आणि पुन्हा तिने विचारले. उपनिषद्कारांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेविल्या.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच गावी तोच विषय घेतला आणि या खेपेस दिवा सांगितला. ज्ञानेश्वरीच्या प्रारंभीचे गणेशरूपकही सांगितले. माउलींनी षड्दर्शनांस देवाचे सहा हात कल्पिले, तर्कास परशू म्हटले आणि वार्तिककारांनी खंडिलेल्या बौद्धमतास मोडलेल्या दाताची उपमा दिली. तो मोडका दात देवाने फेकून दिलेला नाही. हातात धरिलेला आहे. या जागी आम्ही बराच वेळ घेतला. हशा अर्थातच कमी झाला, उत्तररंग आवरता घ्यावा लागला. बिदागी देताना व्यवस्थापकांपैकी एक जण म्हणाले, “बुवा, यंदा रंग भरला नाही. उत्सव आपला आणि प्रचार त्यांचा, असं झालं.” त्यानंतर त्या गावाहून आमंत्रण आले नाही. वाईट वाटले, नाही असे नाही. ते गाव आमच्या वडिलांपासूनचे होते.

गुरुजी मात्र येत राहिले. गेल्या वर्षी याच पौर्णिमेस सकाळी विहारातील वंदना आटोपून ते सायंकाळी आमच्या कीर्तनास वाईला आले आणि पुढच्या रांगेत बसले. आम्ही स्मरणाचा आक्षेप मांडला. कीर्तन संपल्यावर ते म्हणाले, “बुवा, आता आमचे मत आपण नीट सांगता. पण उत्तर पुरे पडत नाही. एका क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणात उतरत असेल तर आठवण त्या प्रवाहातच घडेल. तिच्यासाठी निराळा आत्मा कशाला?” उत्तर आमच्या ओठांवर होते, पण ते गुरुजींच्या प्रश्नाचे नव्हते, आम्हांस पाठ असलेल्या प्रश्नाचे होते. तेव्हा आम्ही म्हटले, “उद्या सकाळी स्नानसंध्या आटोपून या, बसून पाहू.” बोलून गेल्यावर चूक ध्यानी आली. गुरुजी हसले. “स्नान करून येतो,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. आम्ही ‘भामती’ उघडून बसलो होतो.