कुलाबा स्टेशन पाहिलंय का?

मुंबईच्या जुन्या स्टेशनांचे फोटो म्हटले की सगळे बोरीबंदरवरच थांबतात. माझा जीव मात्र कुलाब्यावर! पश्चिमेकडची गाडी एके काळी चर्चगेटच्या पुढे थेट कुलाब्यापर्यंत धावायची. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचं ते मोठं टर्मिनस. फोटोत दगडी इमारत दिसते, पण आज तिथे गेलात तर रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत लागते. डिसेंबर 1930 मध्ये क्लॉड बॅटली यांनी रचलेलं बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि त्या वर्षाअखेर कुलाबा बंद पडलं. एवढं मोठं स्टेशन शहराच्या आठवणीतूनही पुसलं जावं, याचं फार वाईट वाटतं.

आता बोरीबंदर, म्हणजेच व्हिक्टोरिया टर्मिनस (व्ही. टी.). वास्तुविशारद स्टीव्हन्स यांची ही इमारत 1878 ते 1888 या काळात उभी राहिली. तिच्या फोटोवर साल लिहिलेलं नसेल तर रस्ता बघा. घोड्यांची ट्राम दिसली, तर फोटो 1905 पर्यंतचा. विजेची ट्राम असेल, तर 1907 नंतरचा. रेल्वेच्या रुळांवर विजेच्या तारा दिसल्या, तर बहुधा 1925 किंवा त्यानंतरचा, कारण त्या वर्षी 3 फेब्रुवारीला व्ही. टी. ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. दर्शनी भागातल्या घड्याळाखाली व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे का, तेही नीट बघा. आज ती जागा रिकामी आहे.

कुणाच्या घरच्या अल्बममध्ये कुलाबा स्टेशनचा फोटो असेल, तर कृपया इथे टाका. फलाटाच्या आतला असेल तर फारच उत्तम!