नसबंदीनंतर पुन्हा मूल हवे असल्यास : कोणत्या वाटा खुल्या आहेत?



दोन मुले झाली की बाईचे ऑपरेशन करून घ्यायचे, ही आपल्याकडे घरोघरची रीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. बहुतेक घरांत हा विषय तिथेच संपतो. पण कधी अपघातात किंवा आजारात मूल जाते, कधी पुनर्विवाह होतो, आणि प्रश्न उभा राहतो की आता पुन्हा मूल होऊ शकेल का? हा प्रश्न चारचौघांत विचारला जात नाही, म्हणून येथे लिहीत आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, डॉक्टर नाही. औषधोपचार डॉक्टरांनीच सांगावेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी काय माहीत असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

नसबंदीत गर्भपिशवी काढत नाहीत आणि बीजकोशांनाही हात लावत नाहीत. बीजकोशातून पिशवीकडे येणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करतात. पाळी पूर्वीसारखी येते, दर महिन्याला स्त्रीबीजही तयार होते; फक्त त्याची पुरुषबीजाशी गाठ पडत नाही. म्हणजे अडचण रस्त्याची आहे. म्हणूनच पाळी सुधारण्याची औषधे, काढे, पोट चोळणे यांनी नळी उघडत नाही. पुरुषबीज पिशवीत सोडण्याच्या उपचाराचाही (आययूआय) दोन्ही नळ्या बंद असताना उपयोग नाही, कारण त्यालाही नळी उघडीच लागते. यावर पैसे आणि महिने घालवू नयेत.

पहिली वाट : नळी पुन्हा जोडणे

या शस्त्रक्रियेला रिकॅनलायझेशन म्हणतात. नळीचा बंद भाग काढून दोन मोकळी टोके अतिशय बारीक टाक्यांनी जोडतात. यश मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : बाईचे वय आणि शिल्लक राहिलेली नळी. दुर्बिणीच्या, म्हणजे बिनटाक्याच्या ऑपरेशनात रिंग किंवा क्लिप बसवलेली असेल तर नळीचे नुकसान कमी झालेले असते. नळीचा तुकडा कापून बांधलेला असेल तर किती नळी उरली ते पाहावे लागते. साधारण चार सेंटीमीटर किंवा अधिक उरली असेल तर आशा चांगली. नळीचे झालरीसारखे टोकच काढलेले असेल तर जोडणी सहसा होत नाही. म्हणून जुन्या ऑपरेशनचा कागद किंवा डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. डॉक्टर प्रथम तेच मागतील.

वय पस्तिशीच्या आत आणि नळी चांगली असेल तर निम्म्याहून अधिक स्त्रियांना पुढे दिवस राहतात, तेही प्रत्येक वेळी नवा खर्च न करता. मात्र त्याला काही महिने ते दोन वर्षे लागू शकतात.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर, ज्यांची मुले गेली अशा नसबंदी झालेल्या मातांसाठी तमिळनाडू सरकारने ही शस्त्रक्रिया मोफत करून देण्याची घोषणा केली होती. म्हणजे ही सोय केवळ श्रीमंतांसाठी नाही. खंडवा, इंदूर किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात आधी चौकशी करावी.

दुसरी वाट : टेस्ट ट्यूब बेबी (आयव्हीएफ)

हा उपचार मुळात नळ्या बंद असलेल्या स्त्रियांसाठीच पुढे आला. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले.

यात सुमारे दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे वाढवतात, ती काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ पिशवीत सोडतात. नळीची गरजच पडत नाही. वय पस्तिशीपुढे असेल, नळी फार खराब असेल किंवा पतीच्या तपासणीत दोष असेल तर बहुधा हाच सल्ला मिळतो. मात्र पहिल्याच प्रयत्नात यश येईलच असे नाही, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या स्त्रीबीजाने यश मिळण्याची शक्यता फार कमी होते.

हिशेब आणि कायदा

आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला खाजगीत दीड-दोन लाख किंवा अधिक लागतात. दागिने गहाण ठेवण्यापूर्वी औषधांसह पूर्ण खर्च लेखी घ्या आणि दुसऱ्या प्रयत्नाची तयारी आहे का तेही ठरवा. आरोग्य विम्यावर विसंबू नका. वंध्यत्व उपचार आणि नसबंदी उलटवणे या दोन्ही गोष्टी बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात.

२०२१ च्या कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी पत्नीचे वय २१ ते ५० आणि पतीचे २१ ते ५५ या दरम्यान असावे लागते, आणि दोघांची लेखी संमती लागते. मुलगा की मुलगी हे निवडून देणे गुन्हा आहे. तसे आश्वासन देणाऱ्याच्या दारातून परत फिरावे.

काळजी कशाची घ्यायची?

नळी जोडल्यानंतर गर्भ नळीतच रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. पाळी चुकताच तपासणी करावी आणि लवकर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून घ्यावी. ओटीपोटात तीव्र दुखणे, रक्तस्राव, चक्कर असे काही झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

१६३१ साली आपल्या बुऱ्हाणपुरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तेव्हा तपासणीची सोय नव्हती, आज आहे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब, आधीची सिझेरियन हे सगळे पाहूनच पाऊल उचलावे. पतीचीही तपासणी सुरुवातीलाच व्हावी; ती साधी आणि स्वस्त असते.

दत्तक घेण्याची वाटही आहे. ती केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या (कारा) नोंदणीतूनच जाते, ओळखीतून नाही.

शेवटी ज्येष्ठांना विनंती. मूल गेलेल्या सुनेला ‘आता दुसरे होऊ द्या’ असे घाईने म्हणू नये. शरीर तिचे आहे, दुःखही तिचे आहे. होकार तिचाच हवा. मात्र तिने होकार दिला तर नवस आणि काढ्यांत वर्षे घालवू नका. पैसा पुन्हा उभा करता येतो, वय नाही. जुना कागद काढा आणि दोघे मिळून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.