घरचें चित्रभांडार

मनुष्य जें जपून ठेवूं इच्छितो त्यासाठीं तो जागा नेमतो. धान्यास कणगी, दागिन्यांस तिजोरी, पुस्तकांस कपाट अशी योजना घरोघर असते. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या घरांत एका नव्या संपत्तीची भर पडली आहे, व तिला मात्र बहुतेक ठिकाणीं कोणी जागा नेमून दिलेली नाहीं. लग्नकार्याचें चित्रीकरण, बाळाचीं पहिलीं पावलें, आजीनें म्हटलेल्या ओव्या, स्नेहसंमेलनांतील नाटक, हौसेनें विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्या, हें सर्व कोठें असतें? कांहीं थोरल्या भावाच्या मोबाइलांत, कांहीं काकांच्या पेन ड्राइव्हवर, कांहीं माळ्यावरील कॅसेटींत. दिवाणखान्यांत टी. व्ही. असतो, आंतल्या खोलींतही असतो. पण त्यांवर यांतलें एकही दिसत नाहीं. हा विखुरलेला संचय एका ठिकाणीं आणून तो घरांतील प्रत्येक टी. व्ही.वर पाहतां येईल अशी व्यवस्था कशी करावी, याचें विवेचन आम्ही येथें करणार आहों.

या व्यवस्थेच्या मुळाशीं जो संगणक असतो त्यास सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवक. तो रात्रंदिवस चालू राहतो, त्याच्यांत सर्व चित्रें सांठविलेलीं असतात, आणि जो टी. व्ही. मागेल त्यास तो तीं घरांतल्या घरांत पुरवितो. शाळेच्या ग्रंथालयाची उपमा येथें बरीच जुळते. हार्ड डिस्क हें पुस्तकांचें कपाट, सर्व्हरचा प्रोग्राम हा ग्रंथपाल, राउटर व तारा ह्या येण्याजाण्याच्या वाटा, आणि टी. व्ही. हा वाचक. भेद इतकाच कीं, ग्रंथालयांतील पुस्तक एकानें नेलें म्हणजे दुसऱ्यास थांबावें लागतें. येथें मात्र एकच चित्रपट तिघे जण तीन खोल्यांत एकाच वेळीं पाहूं शकतात.

ग्रंथपालाचें काम करणारे प्रोग्राम अनेक आहेत. प्लेक्स, एम्बी व जेलीफिन हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें होत. पैकीं जेलीफिनचा जन्म डिसेंबर २०१८ मधील. एम्बीच्या चालकांनीं आपल्या प्रोग्रामची मूळ संहिता लोकांस खुली ठेवणें बंद केलें, तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं तोंवर खुली असलेली संहिता घेऊन हा नवा प्रोग्राम उभा केला. तो विनामूल्य आहे, व बाहेरचें इंटरनेट बंद असतांही घरांत चालतो. म्हणून पुढील विवेचनांत आम्ही तोच डोळ्यांपुढें ठेविला आहे.

यासाठीं संगणक नवाच पाहिजे असें नाहीं. अडगळींत पडलेला चालू स्थितींतील लॅपटॉप आरंभास पुरतो. विजेचा हिशेब मात्र पालकांनीं आधींच करावा. ६० वॅट घेणारा जुना संगणक अहोरात्र चालला तर ३० दिवसांत ४३ युनिटें वीज खातो. १० वॅट घेणारा लहान संगणक तेवढ्याच काळांत ७ युनिटांवर भागवितो. लॅपटॉपचा एक गुण असा कीं, वीज गेली असतां तो बॅटरीवर कांहीं काळ तग धरतो. परंतु जुनी बॅटरी फुगलेली दिसल्यास ती तत्काळ काढावी. तिच्यापासून आगीचें भय असतें. जागेचा हिशेब असा: दर सेकंदास ५ मेगाबिट या प्रमाणानें सांठविलेलें चित्र तासास २.२५ गिगाबाइट जागा घेतें. तेव्हां ४ टेराबाइटांच्या एका डिस्कवर सतराशे तासांहून अधिक चित्रें मावतात.

आतां वाटेचा विचार करूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तीन टी. व्ही. चालवावयाचे तर इंटरनेटचें महागडें पॅकेज घ्यावें लागेल. ही समजूत चुकीची आहे. चित्र घरांतील डिस्कवरून निघून घरांतील राउटरमार्गेंच टी. व्ही.पर्यंत जातें; तें उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नाहीं. महत्त्व आहे तें घरांतील वाटेच्या रुंदीस. वरील प्रमाणाचे तीन चित्रपट एकदम चालले तरी सेकंदास १५ मेगाबिटच लागतात, आणि साधी तारही १०० मेगाबिट वाहून नेते. सर्व्हर राउटरला तारेनेंच जोडावा, हा पहिला नियम. टी. व्ही. वाय-फायवर ठेवावयाचा तर वाय-फायच्या दोन लहरींतील भेद ध्यानांत ठेवावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून दूरवर जाते, पण तिची गति कमी व तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढें ती लवकर क्षीण होते. ज्या खोलींत चित्र वारंवार अडखळतें तेथें नवा टी. व्ही. घेण्यापूर्वीं एक तार ओढून पाहावी.

आतां या विषयांतील सर्वांत कठीण भाग. चित्र कितीही चांगलें असलें तरी तें ज्या पद्धतीनें संक्षिप्त करून सांठविलें आहे ती पद्धति टी. व्ही.ला ज्ञात असावी लागते. २००३ सालीं एच. २६४ ही पद्धति ठरली व २०१३ सालीं एच. २६५ ही तिची वारसदार आली. दुसरी पद्धति सारख्याच गुणाचें चित्र पुष्कळ कमी जागेंत बसविते. परंतु अनेक जुन्या टी. व्हीं.ना तिची भाषा येत नाहीं. टी. व्ही.ला भाषा येत असेल तर सर्व्हरनें पुस्तक नुसतें हातीं द्यावयाचें असतें, व हें काम लहानशा संगणकासही जड नाहीं. भाषा येत नसेल तर त्याला दुभाष्या व्हावें लागतें. म्हणजे चित्रपट चालू असतांनाच त्याचें क्षणाक्षणाला भाषांतर करून द्यावें लागतें. असें एक भाषांतर जुन्या संगणकाचा घाम काढतें. तीन एकदम आलीं तर तो थकतो, आणि चित्र थांबत थांबत चालतें. इंटेल कंपनीनें २०११ पासून आपल्या कित्येक प्रोसेसरांत या कामापुरता निराळा भाग बसविला आहे. तो जेलीफिनमध्यें चालू केल्यास भार बराच हलका होतो. परंतु खरा उपाय याहून सोपा आहे. घरांतील सर्वांत जुन्या टी. व्ही.ला जी भाषा येते त्या भाषेंतच चित्रें सांठवावीं.

प्रत्यक्ष मांडणी अशी करावी. राउटरमध्यें सर्व्हरसाठीं एक कायमचा पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०; तो रोज बदलूं लागला तर टी. व्ही. त्यास शोधीत बसेल. जेलीफिनचें दार ८०९६ या क्रमांकावर असतें. हें दार राउटरमधून बाहेरच्या जगास उघडूं नये. चित्रपट, घरगुती चित्रीकरणें व संगीत यांचे निरनिराळे फोल्डर करावेत, आणि प्रत्येक चित्रपटाच्या नांवापुढें कंसांत वर्ष घालावें. ‘श्यामची आई’ या नांवाचे दोन चित्रपट आहेत, एक १९५३ चा व दुसरा २०२३ चा. वर्ष नसेल तर ग्रंथपालानें एकाच्या कपाटांत दुसऱ्याचें मुखपृष्ठ लाविलें तर त्यास दोष कसा द्यावा? यानंतर प्रत्येक टी. व्ही.वर जेलीफिनचें ॲप घालून वरील पत्ता एकदां दिला कीं काम झालें.

घरांतील प्रत्येकास स्वतंत्र खातें द्यावें. त्यायोगें वडिलांनीं अर्ध्यावर सोडलेला चित्रपट त्यांच्यासाठीं दुसऱ्या खोलींत तेथूनच सुरू होतो. आणि लहान मुलाच्या खात्यास कोणते फोल्डर दिसावेत व कोणत्या वेळांतच तें चालावें, हें आईबापांस ठरवितां येतें. येथें एक गोष्ट सर्वांनीं ध्यानीं घ्यावी. या भांडारांत जें घालावयाचें तें आपलें असावें. प्रताधिकाराच्या कायद्याप्रमाणें आपल्या देशांत चित्रपटाचा अधिकार तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षें टिकतो. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ चोरून आणून भरलेलें कपाट, मग तें कितीही मोठें असो, मुलांपुढें ठेवण्याजोगें नव्हे.

शेवटीं, भांडार एका डिस्कवर ठेवून निश्चिंत राहूं नये. डिस्क आज ना उद्यां बंद पडतेच. दोन डिस्क जोडून एकीची प्रतिमा दुसरीवर उमटविण्याची युक्ति आहे खरी; पण चुकून पुसलेलें चित्र त्या दोहोंवरूनही एकदमच पुसलें जातें. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, व त्यांतील एक दुसऱ्या घरीं, हा जाणत्यांचा नियम पाळावा. माळ्यावरील कॅसेटींस तर आतां उशीर करून चालणार नाहीं. १९७६ मध्यें जपानांत निघालेल्या व्ही. एच. एस. पद्धतीचीं यंत्रें बनविणाऱ्या फुनाई या शेवटच्या ज्ञात कंपनीनेंही जुलै २०१६ मध्यें त्यांचें उत्पादन थांबविलें. फितीवरील चुंबकीय ठसा वर्षानुवर्षें पुसट होत आहे, आणि ती वाचणारीं यंत्रें मोडींत जात आहेत.

विद्यार्थ्यांस या कामांत एक भाग असा आहे कीं, जो कोणताही संगणक करूं शकणार नाहीं. जुन्या चित्रीकरणांत पंगतीला बसलेली ती वृद्ध स्त्री कोण, झोपाळ्यावर हंसणारा तो मुलगा कोण, हें ग्रंथपालास ठाऊक नसतें. तें फक्त आजी-आजोबांस ठाऊक असतें. सुटींत चार संध्याकाळीं त्यांच्या शेजारीं बसावें, चित्र थांबवून थांबवून विचारावें, आणि नांव, नातें, गांव व साल वहींत उतरून घ्यावें. डिस्क नवी आणतां येते, तार पुन्हां ओढतां येते. पण हीं नांवें सांगणारें माणूस एकदां निघून गेलें म्हणजे तें चित्र घरांत असूनही परक्याचें होऊन बसतें.